तडा गेलेलं बेंड

लिंपणमास्तरांना जिना चढवत नाही, म्हणून त्यांचं घर तळमजल्यावर. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे रस्त्याकडची खिडकी आणि त्या खिडकीत त्यांची खुर्ची. माणूस एकाहत्तरचा, दाढी पांढरीशुभ्र, छातीपर्यंत आलेली, आणि तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू. डॉक्टरांनी सांगितलंय, फुफ्फुसाच्या आवरणावर चट्टे आहेत, ते जाणार नाहीत, पण वाढतही नाहीयेत. वर्षातून एकदा छातीचा फोटो काढायचा आणि जिने टाळायचे. मास्तर फोटो काढून घरी येतात आणि बायकोला दाखवतात, "बघ, लग्नातल्या फोटोपेक्षा बरा आलाय!"

असा हा सुखी माणूस. आणि सुखी का नसावा? लेक हाताशी आली, वायरमनचं काम शिकली, आता दोन माणसं हाताखाली घेऊन मोठमोठ्या इमारतींची वायरिंग करते. बायको अजून त्यांच्याशी भांडते, म्हणजे तब्येत उत्तम. आणि खिडकीतून, समोरच्या घरांच्या डोक्यावरून, तो सत्तावीस मजल्यांचा जुना टॉवर दिसतो. येणाऱ्याजाणाऱ्याला धरून मास्तर सांगणार, "त्या टॉवरातली बेंडं माझी."

आता बेंड म्हणजे काय, ते सांगायला हवं. टॉवरात गरम पाण्याचे आणि वाफेचे पाइप तळापासून गच्चीपर्यंत जातात. त्यांची उष्णता वाया जाऊ नये म्हणून वरून जाड वेष्टण घालावं लागतं. सरळ पाइपाला वेष्टण कोणीही घालील, त्यात काय मोठंसं! पण पाइप जिथे वळतो ते बेंड. तिथे कसब लागतं. मास्तरांच्या उमेदीच्या काळात बेंडाला पिठाचं लिंपण करायचे. पीठ म्हणजे अॅस्बेस्टॉसची राखाडी भुकटी. गोणी फोडायची, पिंपात ओतायची, पाणी घालायचं आणि कोपरापर्यंत हात घालून कालवायची. मग तो गोळा बेंडावर थापायचा आणि ओल्या तळव्याने फिरवत फिरवत असा गुळगुळीत करायचा की हात लावणाऱ्याला वाटावं, पाइप जन्मतःच असा आला.

तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ही गडीमाणसं त्या पिठाचे गोळे करून एकमेकांना मारायची. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, सगळा मजला धुक्यात. हसून हसून पोट दुखायचं. कोणी सांगितलं असतं की हे हसू आपण छातीत साठवून घरी नेतोय, तर त्यालाही एक गोळा बसला असता.

प्रत्येक लिंपणाऱ्याची खूण असायची. बेंड पुरं झालं की खालच्या बाजूला, कोणी वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, ओल्यावर ती उमटवायची. मास्तरांची खूण दोन बोटांची, तर्जनी आणि मधलं बोट, शेजारी शेजारी. त्यांचा जोडीदार होता धांदल्या. नाव त्याला शोभायचं. मास्तरांचं एक बेंड होईतो त्याची तीन व्हायची, आणि तिन्ही सुजलेल्या पायासारखी दिसायची. खूण करायलाही त्याला सवड नसे.

एकोणीस मजले झाले आणि कायदा आला. पीठ बंद. कोणी साहेब येऊन सांगून गेले की त्याने छातीचे रोग होतात. वरच्या आठ मजल्यांना सरळ पाइपांवर काचेचा कापूस आणि बेंडांना कंपनीचं नवं पीठ, ज्यात अॅस्बेस्टॉस नाही. दिसायला दोन्ही पिठं सारखीच, वाळली की ओळखू येणार नाहीत अशी. पण नवं पीठ हाताला लागेना. थापावं तर गळायचं, वाळलं की आठ दिवसांत तडकायचं. मास्तरांनी दोन बेंडं करून पाहिली, तडा दिसताच स्वतःच फोडून टाकली.

आणि मग त्यांनी ती गोष्ट केली, जी फक्त हाताचा गर्व असलेला कारागीरच करील. परत पाठवायच्या जुन्या गोण्यांतल्या तीन त्यांनी गच्चीच्या टाकीखाली लपवल्या आणि विसापासून सत्ताविसापर्यंतची बेंडं गुपचूप जुन्या पिठाने लिंपली. मुकादमाने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. कागदावर नवं पीठ, पाइपावर जुनं. प्रत्येक मजल्यावर आठ बेंडं, आठ मजल्यांची चौसष्ट. त्यातली त्रेसष्ट मास्तरांची.

चौसष्टाव्याची कहाणी घरात पाठ होती. मास्तर एका बेंडाला हात घालणार, बादलीत पीठ कालवून ठेवलेलं, तेवढ्यात लिफ्टवाला ओरडत आला, "मास्तर, मुलगी झाली!" ते तसेच ओल्या हातांनी पळाले. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर बादलीतलं पीठ दगड झालेलं, आणि धांदल्याने ते बेंड कंपनीच्या नव्या पिठाने उरकून टाकलेलं. आठवड्यात त्याला तडा गेला. दर वाढदिवसाला मास्तर लेकीला ऐकवायचे, "तुझ्या पायी माझं एक बेंड राहिलं! आणि त्या धांदल्याने त्याची काय दशा केली, विचारू नकोस." ते बेंड कुठल्या मजल्यावरचं, ते मात्र सांगताना बदलायचं, कधी बाविसावा, कधी सव्विसावा. जुन्या पिठाचं गुपित या कहाणीत कधीच नसायचं.

तर एका संध्याकाळी लेक कामावरून आली, हातपाय धुऊन ताटावर बसली आणि म्हणाली, "बाबा, सांगायचंच राहिलं. तुमच्या टॉवरात काम मिळालंय. विसापासून वरच्या सगळ्या मजल्यांची वायरिंग. आठवडा झाला सुरू करून."

"अरे वा! आणि आत्ता सांगतेस?"

"तुम्ही रोज येऊन बसाल म्हणून." ती हसली. "खालच्या एकोणीस मजल्यांवर तर प्लॅस्टिकचे पडदे लावलेत. पांढरे डगले घातलेली माणसं अॅस्बेस्टॉस काढतायत. वर मात्र सगळं साफ आहे, तसा कागदच आहे."

मास्तरांचा घास तोंडातच राहिला. "बेंडांना हात लावलास?"

"एक फोडलं, बुधवारी. चोविसाव्या मजल्यावर जिन्याच्या दाराशी. पाइपामागून केबल न्यायची होती. आधीच अर्धवट फुटलेलं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली. उद्या बाकीची फोडायची."

"तोंडाला काय होतं?"

"काय असणार? साफ आहे म्हटल्यावर!"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तीन माणसं, बंद कोपरा, फुटलेलं बेंड, उडालेली धूळ. त्यातलं एक त्यांचं स्वतःचं पोर. त्यांना ते जुनं धुकं दिसायला लागलं आणि त्या धुक्यात ही त्यांची मुलगी हातात हातोडा घेऊन उभी.

"ती बेंडं साफ नाहीत," ते म्हणाले. "मी केलीत ती. जुन्या पिठाने."

मग सगळं सांगितलं. गोण्या, टाकी, मुकादम. आधी बोलली ती बायको. सदतीस वर्षांच्या संसारात ती इतकी थंडपणे बोललेली मास्तरांनी ऐकली नव्हती. "तुमचे कपडे मी झटकत होते, त्या मागच्या मोरीत. ही पोटात होती. कायदा आला तेव्हा मला वाटलं, सुटले बाई. आणि तुम्ही पुढेही तेच अंगावर घेऊन घरी येत होतात?"

"बेंडं तडकत होती गं," मास्तर म्हणाले. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ते इतकं केविलवाणं वाटलं की मान खाली गेली.

"तडकू द्यायची होती!"

लेकीने तिथल्या तिथे फोन लावला आणि आपल्या दोन्ही माणसांना सांगितलं की उद्या वर जायचं नाही. मग तपासणीच्या बाईंना लावला, ज्यांनी टॉवराचा तो कागद केला होता. फोन ठेवून ती बापाकडे वळली. "बाबा, उद्या तुम्ही माझ्याबरोबर यायचं. कुठलं तुमचं, कुठलं नाही, दाखवायला. आणि दाढी काढावी लागेल. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही."

एरवी दाढीला कोणी कात्री दाखवली असती तर मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं असतं. सकाळी ते निमूट आरशासमोर बसले. दाढी उतरली तसा आत एक बारीक हनुवटीचा, ओळख नसलेला म्हातारा निघाला. बायको चहा घेऊन आली, दारात थबकली. राग अजून होता, पण हसू काही आवरेना. "अगंबाई! मी यांच्याशी लग्न केलं होतं होय?" मास्तरांना तेवढंही पुष्कळ वाटलं.

टॉवराच्या तळमजल्यावर एका खोलीत तपासणीच्या बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या, समोर नकाशे पसरलेले. मास्तरांनी उभ्या उभ्या कबुली दिली आणि विचारलं, "मला आत टाकणार का?"

"आधी खाली बसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही आलात हे मोठं काम केलंत. बेंड अख्खं असेल तोवर त्यातून काही उडत नाही, फोडलं की उडतं. आज ही माणसं त्रेसष्ट बेंडं फोडणार होती." मग त्यांनी भुवया आकसल्या. "पण मला एक कळत नाही. मी वर बेंडाचासुद्धा नमुना घेतला होता. तो साफ निघाला. म्हणून तर कागद केला."

"ते होणार नाही," मास्तर म्हणाले. "वर एक सोडून सगळी माझी."

"चला, वरच जाऊन बघू."

अंगभर डगले, तोंडाला मास्क. लिफ्टमध्ये मास्तरांना स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता. लेक शेजारी उभी होती. रात्रभर ती त्यावर काही बोलली नव्हती आणि मास्तरांना तेच खात होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ही पोर आपल्या हातच्या कामाने आजारी पडली तर? आज नाही, वीस वर्षांनी, तीस वर्षांनी. तेव्हा आपण नसणार आणि हिला खोकला लागलेला असणार. धांदल्याला असाच लागला होता. खालच्या एकोणीस मजल्यांचं पीठ त्याने छातीत साठवलं होतं. चार वर्षांपूर्वी गेला, शेवटी शेवटी उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा.

चोविसावा मजला रिकामा होता. छत उघडं, वायरी लोंबकळत. जिन्याच्या दाराशी दोन बेंडं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावं अख्खं, रंग पिवळा पडलेला, पण अंग अजून तुळतुळीत. उजवीकडचं फोडलेलं. पाइप उघडा पडला होता आणि त्याच्या बगलेला पिठाचा एक तुकडा चिकटून राहिला होता.

"हेच आम्ही फोडलं," लेक म्हणाली.

"हेच?" बाई पुढे झाल्या. "अहो, मी नमुना याचाच घेतला होता!"

मास्तर गर्रकन वळले. "चौसष्टातून हेच का घेतलंत?"

"याला आधीचाच मोठा तडा होता. अख्खं बेंड खरवडायचं म्हणजे उगाच धूळ. तडा असला की तुकडा सहज निघतो. बाकीच्यांना कुठेच तडा दिसला नाही."

मास्तरांनी तो चिकटून राहिलेला तुकडा निरखला. मग म्हणाले, "बाई, माझं बेंड तडकत नाही."

हे ते नेहमी म्हणायचे, पण या वेळी त्यात फुशारकी नव्हती. त्यांनी बॅटरी मागितली. डाव्या बेंडाखाली गुडघ्यावर बसले, दम लागला, लेकीने खांद्याला धरलं. उजेड वर गेला. दोन बोटं, शेजारी शेजारी, काल उमटवल्यासारखी. "हे माझं." मग तसेच गुडघ्यांवर सरकत उजवीकडे गेले. उरलेला तुकडा खालच्याच बाजूचा होता, जिथे खूण असायची नेमका तिथला. त्यावर दोन बोटं नव्हती. काहीच नव्हतं, नुसतं घाईघाईत थापलेलं, खडबडीत पीठ.

"पोरी," मास्तर म्हणाले, आणि मास्कच्या आत त्यांना रडू फुटलं. "पोरी, हे तुझं बेंड आहे गं. लिफ्टवाला याच दारातून ओरडत आला होता. हे त्या धांदल्याचं!"

लेक तिथेच त्यांच्या शेजारी बसली. डोळ्यांखेरीज काही दिसत नव्हतं, पण डोळे भरले होते. "म्हणजे ते राहिलेलं बेंड खरंच होतं?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही बनवून सांगता."

बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी तो तुकडाही डबीत घातला आणि उरलेल्या त्रेसष्टांतली चार वेगळी काढून त्यांचेही नमुने नेले. दुपारभर मास्तर मजल्यामागून मजला फिरले, लिफ्टने, थांबत थांबत. कुठेही हात न लावता खालून बॅटरी मारायची आणि म्हणायचं, "माझं." लेक प्रत्येकावर लाल खूण करत होती. आयुष्यभर ज्या कामावर त्यांनी छाती काढली, त्यावर ते स्वतःच्या तोंडाने फुली मारवून घेत होते. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला! सव्विसाव्या मजल्यावरचं एक बेंड तर इतकं देखणं होतं की बाईसुद्धा म्हणाल्या, "काय हात आहे हो!" मास्तर म्हणाले, "घाला त्याच्यावर फुली." आणि पुढे गेले.

निकाल तिसऱ्या दिवशी आला. चारही नमुन्यांत अॅस्बेस्टॉस, भरपूर. फोडलेल्या बेंडाच्या तुकड्यात नाही, पहिल्यासारखाच साफ. लेकीने फोनवरून तो वाचून दाखवला तेव्हा बायको मोरीत भांडी घासत होती. ती हात तसेच ठेवून उभी राहिली आणि मग मोठ्याने म्हणाली, "ऐकलंत? आता दाढी वाढवा, या तोंडाकडे बघवत नाही." मास्तरांच्या जिवात जीव आला. बायकोचा छातीचा फोटोही लेकीने त्याच आठवड्यात काढून आणला. त्यात काही नव्हतं, आणि आता तोही दर वर्षी काढायचा असं ठरलं. दोघं जोडीने जाणार म्हणून मास्तर खूश झाले.

पण एक गोष्ट त्यांना चैन पडू देईना. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते काठी घेऊन निघाले. धांदल्याचं घर दोन गल्ल्या सोडून, पण वाटेत चढ आहे. चार ठिकाणी बसत, शिव्या घालत, तासाभराने पोचले. धांदल्याची बायको दारात कपडे वाळत घालत होती. दाढी नसलेल्या माणसाला ओळखायला तिला जरा वेळ लागला.

"काय हो भावजी, इतक्या लांब? दम बघा किती लागलाय." तिने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं.

मास्तर पाणी प्यायले, श्वास खाली बसू दिला आणि मग सगळं सांगितलं. बुधवारी पोरीने फोडलेलं बेंड, तडा, तपासणी. "छत्तीस वर्षं मी त्याची टर उडवली, वहिनी. तुमच्यासमोर उडवली, चारचौघांत उडवली. त्या सबंध टॉवरात वरच्या आठ मजल्यांवर एकच बेंड नीट झालं होतं, आणि ते तुमच्या नवऱ्याचं. माझी लेक त्याच्यामुळे वाचली."

तिने ओला कपडा तारेवर टाकला, चिमटा लावला. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतं हो भावजी. त्या एका बेंडाचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं होतं. आजारात म्हणायचे, मास्तरची पोर झाली त्या दिवशी मी ते जरा सावकाश करायला हवं होतं."

मास्तर उठले, बादलीतला एक ओला कपडा उचलून तिच्या हातात दिला, मग दुसरा दिला. दोघांनी मिळून ती बादली रिकामी केली.